साडूचा बुलबुल आणि माझा खिळा

शिमग्यापासून माझ्या टोपीला खिळा नाही.

वाक्य किरकोळ वाटेल. ज्यांच्या टोप्यांना खिळे आहेत त्यांना ते किरकोळ वाटणारच. पण चार वर्षं रोज वखारीतून घरी यावं, ओसरीवर चढावं, न बघता उजवा हात वर करावा आणि टोपी खिळ्यावर जाऊन बसावी, असा ज्याचा क्रम आहे, त्याने एके दिवशी तसाच हात वर केला आणि टोपी एका बुलबुलाच्या थोबाडावर आपटली, तर त्या माणसाचं काय होत असेल? तारा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, काच फुटेल की!" टोपीला लागलं का, हे तिने विचारलं नाही.

बुलबुल फोटोतला होता. फोटो माझ्या साडूने काढला होता. आणि साडूने तो चौकट करून, भेट म्हणून, स्वतःच्या हाताने माझ्या खिळ्यावर लावला होता. मी तेव्हा वखारीत ओंडके मोजत होतो.

दिल्लीदरबार झाला त्याच्या पुढल्या सालची ही गोष्ट. गुंद गावी लाकडाच्या एका वखारीत मी कारकून. ओंडका मोजायचा, त्यावर हातोडीने शिक्का मारायचा, तो बैलगाडीतून गेला की दुसरा मोजायचा. ओंडक्याचा मोठा गुण म्हणजे आपण मोजत असताना तो उडून जात नाही. हा गुण मी पुढे पाखरांत फार शोधला.

साडूंचं नाव रामचंद्रराव. ताराची थोरली बहीण सुशीला त्यांना दिली आहे. खानापुरात वकिलाच्या हाताखाली असतात आणि फावल्या वेळात फोटो काढतात. साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. सख्खा भाऊ आपल्या पुढे गेला तर त्याचा त्रास आईबाप, आत्या, काका असे सगळे मिळून वाटून घेतात. साडू पुढे गेला की सगळा त्रास आपल्या एकट्याच्या पानात वाढला जातो, तोही वरून तुपासकट.

"भाओजींचा हात किती स्थिर असेल, नाही?" तारा भात वाढता वाढता म्हणायची.

"माझाही स्थिर आहे."

"तुमच्या हातातलं ताक सांडतंय."

फोटो वाईट होता असं मी म्हणत नाही. म्हणायची इच्छा पुष्कळ होती. जास्वंदीच्या फांदीवर बुलबुल बसलेला, शेंडीचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं. पायाशी वेलीचा एक बारीक तंतूसुद्धा आला होता आणि त्या तंतूचंही येणारेजाणारे कौतुक करायचे. पण बुलबुलाच्या मागे काय होतं? काही नव्हतं. म्हणजे असणार, पण सगळं पातळ ताकासारखं पुसट. झाड की भिंत, खानापूर की काशी, पत्ता लागू नये.

"म्हणून तर पाखरू कसं उठून दिसतंय," तारा म्हणाली.

"मागचं लपवलं की पुढचं उठून दिसतंच. मागचं लपवणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं."

हे मी निव्वळ जळून बोललो होतो. त्यामागे विचार वगैरे काही नव्हता. पुढे जे झालं त्यावरून कुणी मला द्रष्टा समजू नये.

तारा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बरं. दिवाळीला अक्का आणि भाओजी येणार आहेत. तोवर याहून चांगला फोटो तुम्ही काढून दाखवा. बुलबुल मी स्वतः उतरवते, टांगा तुमची टोपी."

टोपी माझ्या हातातच होती. दुसरीकडे कुठे असणार?

लोंढ्याला रेल्वेतून पेन्शनीत निघालेले एक गोवेकर गार्ड राहत. त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता, तीन पायांचा, काळ्या बुरख्याचा. दरवर्षी रानातला मध आणून देण्याच्या बोलीवर तो मी मिळवला. आणि त्यांनी मला एका बैठकीत सगळं शास्त्र सांगितलं. भिंगाला पितळेची कडी असते, ती फिरवली की आतलं भोक लहानमोठं होतं. भोक मोठं ठेवलं तर उजेड भसाभस आत येतो, फोटो क्षणात निघतो, पण फक्त एका अंतरावरचं स्पष्ट येतं. त्याच्या चार बोटं पुढचं आणि चार बोटं मागचं विरघळतं. भोक लहान केलं की नाकासमोरच्या पानापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मात्र उजेड थेंबाथेंबाने आत येतो, म्हणून तितका वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. कडीवर आकडे असतात. आठाचं भोक मोठं, बत्तीसचं अगदी मोहरीएवढं. आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. ही पद्धत कुणी शोधली कळत नाही, पण तो माणूस कचेरीतला असावा.

मी तिथेच ठरवलं. साडूने मागचं पुसलं, मी काही म्हणजे काही पुसणार नाही. पाखरू, झाड, घर, डोंगर, सगळं! बघणाऱ्याने म्हणावं, हा माणूस काही लपवत नाही.

फोटोच्या काचा बेळगावहून मागवल्या. बाराची पेटी लोंढ्याला उतरली आणि तिथून गुंदला येताना वाटेत एक नाका लागतो. कुठला ते सांगत नाही, मला त्याच वाटेने परत जायचं असतं. नाक्यावर तुकाराम नावाचा शिपाई होता. कर्तव्यदक्ष. जगातली बरीचशी संकटं कर्तव्यदक्ष माणसांनी आणलेली आहेत.

"ह्यात काय हाय?"

"काचा."

"काचा, तर मग काळा कागुद कशापायी गुंडाळलाय?"

"उजेड लागू नये म्हणून."

"उजेड लागला तर काय हुतंय?"

"खराब होतात."

तुकारामने माझ्याकडे दयेने पाहिलं. "माझ्या सासऱ्याच्या खिडकीला धा वर्सं काच हाय. रोज ऊन खात्या. अजून घट्ट हाय." आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्याने कागद फाडून एक काच सूर्यासमोर धरली. मग दुसरी. मी जोराने ओरडलो तेव्हा त्याचा संशय पक्का झाला आणि त्याने उरलेल्या दहाही बघितल्या, दोन्ही बाजूंनी.

"खराब झाल्या सगळ्या!" मी म्हणालो.

"कुठं झाल्या? दावा बघू."

इथे शास्त्र त्याच्या बाजूने होतं. उजेड लागलेली काच आणि न लागलेली काच, औषधात बुडवेपर्यंत दिसायला एकसारखीच असते, साय धरल्यासारखी. मी दाखवणार काय? तुकारामने चिठ्ठी लिहून दिली : काचा बारा, तपासल्या, बिनदोष. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. त्या बारापैकी एखादी वाचली असेल म्हणून मी सगळ्या धुऊन पाहिल्या. बाराही काळ्याठिक्कर निघाल्या. दुसरी पेटी मी तांदळाच्या पोत्यात घालून आणली. तांदूळ म्हणजे काय हे तुकारामला ठाऊक असल्याने त्याने पोतं उघडलं नाही.

आता पाखरं. आमच्या परड्यात पाखरांना तोटा नाही. कॅमेरा नसताना ती चुलीपर्यंत येतात. कॅमेरा उभा केला की त्यांना एकदम पलीकडच्या नंदिगड्ड्याला काम निघतं.

शेजारचा लखू कुणबी कुंपणावर रेलून बघत असे. रानातला माणूस, पाखराच्या आवाजावरून त्याने कालपासून काय खाल्लं ते सांगणारा.

"वासूअण्णा, त्येला डोळं दिसत्यात न्हवं."

"कुणाला?"

"पाखराला. ह्यो एवढा मोठा एकच डोळा त्येच्यावर रोखून बसलाय तुमी. मी असतो तर मीबी पळालो असतो. पाला बांधा त्येला, पाला."

लखूने स्वतः रानातून फांद्या आणून कॅमेरा सजवला. मखरातला गणपती शोभेल असा. मी बुरख्यात डोकं घातलं. आठाच्या भोकाने, भिंग पुढेमागे करून, समोरचं नीट लावून घेतो न घेतो तोच मानेवर काहीतरी चाललं. मग पाठीवर. मग जिथे काही चालू नये तिथे. फांद्यांबरोबर तांबड्या मुंग्यांचं एक सबंध घरटं आलं होतं. आमच्याकडे या मुंग्यांची चटणी करतात. त्या दिवशी त्यांनी त्याचा हिशेब पुरा केला. 

बुरखा कॅमेऱ्याला बांधलेला, मी बुरख्यात अडकलेला, असा तिन्ही पायांसह मी अंगणभर नाचलो. पलीकडच्या बायजाअज्जीने हे बघितलं आणि ती हातातलं सूप टाकून धावत आली. सोडवायला नव्हे. मला साष्टांग नमस्कार घालून ती म्हणाली, "देवा, माझी काळी कोंबडी कुठं गेली ते तेवडं सांग रे!"

"मेलो!" मी बुरख्यातून ओरडलो.

अज्जीला ते 'मेली' असं ऐकू गेलं. ती मटकन खाली बसली आणि कोंबडीच्या नावाने रडू लागली. दुसऱ्या दिवशी कोंबडी आठ पिलं घेऊन परत आली. तेव्हापासून माझ्या अंगातल्या देवाबद्दल अज्जी गावात वाईट बोलते.

अशी अकरा काचांची वाट लागली. सगळ्यांची कहाणी सांगत नाही. आठाच्या भोकाने एका दयाळाची चोच आली, पण त्याची शेपटी म्हणजे धूर. एकदा फांदीवरची गाठ इतकी सुरेख आली की वखारीत दाखवावी, पण तिच्यावर बसलेलं पाखरू म्हणजे कुणीतरी थुंकल्यासारखं. नीट पाहून घ्यावं, काच चढवावी, तोवर पाखरू चार बोटं सरकलेलं असायचं, आणि आठाला चार बोटं म्हणजे परगावच. मी सुतळी घेऊन फांदीपर्यंतचं अंतर मोजलं, सात हातांवर गाठ मारली, पण पाखरांना सात हात म्हणजे किती हे माहीत नसतं. लखूने एक फोटो उलटासुलटा करून पाहिला. "ह्ये पाखरू न्हवं अण्णा. ह्ये धुकं हाय. झाक आलंय पन धुकं."

बत्तीसचं भोक ठेवलं की सगळं स्पष्ट, पण परड्यातल्या सावलीत चार सेकंद तरी लागणार. मोजायचं काम लखूकडे होतं. भात मापताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यामुळे तो मोजायचा, "लाभ... दोन... तीन... चार." पण चार मापं होईपर्यंत स्वस्थ बसणारं पाखरू मला सापडेना. लाभाला असायचं, दोनला नसायचं.

दिवाळी आली. साडूही आले. सुशीलाअक्का, साडू, साडूंचा नवाकोरा कॅमेरा, आणि एक लांबट पत्र्याची पेटी, जिला ते कुणाला हात लावू देत नसत. "भिंगं आहेत, नाजूक काम आहे," असं म्हणत त्यांनी ती उशाशी ठेवली. अंगणात माझा तीन पायांचा बघून ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वासूराव, भोक मोठं ठेवत जा. मागचं सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. मागे काय असतं? पेंढा आणि शेण."

"मला लपवण्यासारखं काही नाही," मी म्हणालो.

"ह्यांच्या बोटावर येऊन बसतात पाखरं," सुशीलाअक्का ताराला सांगत होती. "खानापुरात सगळ्यांना ठाऊक आहे."

तारा माझ्या बोटांकडे बघत होती. त्यांच्यावर मुंग्यांचे फोड होते.

आणि त्याच वेळी मला ते पाखरू दिसलं. आमच्या दाराच्या चौकटीवर नवं बांधलेलं होतं. नवं म्हणजे पहिल्या भाताच्या लोंब्यांची जुडी, आंब्याच्या पानांसह. दसऱ्याला ताराने ती शेतातून डोक्यावर आणली, पूजा केली, दाराला बांधली. ती वर्षभर तिथून हलवायची नाही. हलवली तर घरातलं धान्य हलतं. आणि त्या जुडीला एक तपकिरी मुनिया लोंबकळून, जग विसरून, दाणे सोलत होती. मी मोजलं : लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा! पाखरू हललं नाही. पण दारावर वळचणीची सावली गडद. तिथे चार नव्हे, चाळीस मापं लागली असती.

पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो, कारण ते पुढे सगळं स्पष्ट येणारच आहे.

नरकचतुर्दशीच्या सकाळी तारा आणि अक्का स्वयंपाकघरात नव्या तांदळाच्या पोह्यांत गुंतल्या होत्या. साडू पेटी काखेत मारून म्हणाले, "मी जरा परड्यात फेरी मारतो. दुपारपर्यंत दुसरा बुलबुल आणून दाखवतो. कुणी मागे येऊ नका, पाखरू बुजतं." ते गेले. मी स्टुलावर चढलो आणि दाराचं नवं सोडलं. चौकट उघडी दिसू नये म्हणून तिथे गोठ्यातला पेंढा मुठीएवढा वळून, वर दोन पानं खोचून बांधला. लांबून कुणाला कळलं नसतं. नवं नेऊन अंगणातल्या पेरूच्या फांदीला, उन्हाच्या कवडशात, माझ्या सुतळीच्या गाठीवर, सात हातांवर लटकवलं.

"अण्णा," लखू कुंपणावरून हळूच म्हणाला, "ताराक्कानं बघितलं तर तुमचं काय खरं न्हाई."

"तू मोजायचं काम कर."

शेवटची काच. आठाचं भोक ठेवून, बुरख्यात शिरून, मी लोंब्यांवर नीट लावून घेतलं. मागे नेहमीप्रमाणे ताक. मग कडी बत्तीसवर फिरवली, काच चढवली, श्वास धरला. मुनिया आली. लोंबीवर बसली. मी भिंगावरची टोपी काढली. भिंगालासुद्धा टोपी असते, आणि तिला खिळा लागत नाही.

"लाभ," लखू पुटपुटला. "दोन."

मुनियेने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

"तीन," लखू म्हणाला. "चार." मोजणी एकदा सुरू केली की अर्ध्यात सोडू नये, असा त्यांच्यात नेम आहे. चारला मी भिंगाला टोपी परत घातली.

मी नवं परत दाराला बांधलं. घाईत सोडताबांधताना दाणे झडून निम्म्या लोंब्या रिकाम्या झाल्या होत्या. आतून तारा आली, वर बघितलं आणि किंचाळली, "उंदीर! बघा, सणाच्या दिवशी नवं खाल्लं मेल्यांनी! आणि हे मांजर बसलंय शेकत!" मांजराला त्या सकाळी पोह्यांवरचं दूध मिळालं नाही. मांजर माझ्याकडे बघत राहिलं.

काच मी नेमधर्म म्हणून धुतली. कोठीच्या खोलीत, भाताच्या कणगीआड, कंदिलाला तांबडं फडकं बांधून. पाखरू गेलं होतं, तेव्हा आशा काही नव्हती. वाळली तशी कागदावर ठेवून उन्हात धरली आणि तिसऱ्या प्रहरी फोटो तयार झाला.

असा फोटो मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. सगळं आलं होतं! पेरूच्या पानावरची शीर, नव्याचा दाणा न् दाणा, कौलं, तुळस, मागच्या डोंगरावरचं एकेक झाड. मुनिया मात्र दोनच मापं बसल्याने अर्धीच आली होती. होती, पण आरपार. पाण्यात रंग टाकावा तशी. आणि तिच्या पोटातून पलीकडचं दिसत होतं.

तिच्या पोटात माझा साडू होता.

जास्वंदीच्या कुंपणाआड, घरातून दिसू नये पण माझ्या भिंगातून दिसावं अशा जागी, रामचंद्रराव उकिडवे बसले होते. पत्र्याची पेटी उघडी. डाव्या हातात बुलबुल, उजव्या हातात तार. ती तार ते बुलबुलाच्या पायातून ओवून फांदीला बांधत होते. त्या कामाला हात स्थिर लागतो, त्यामुळे ते चार मापं जराही हलले नव्हते. बुलबुल लाकडाचा होता. त्याच्या पोटावरची भेगसुद्धा आली होती.

मी उठून ओसरीवर गेलो. साडू सुपारी कातरत होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसलो. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

त्यांनी चार मापं पाहिलं.

"सगळंच स्पष्ट आलंय," ते म्हणाले.

"बत्तीसवर ठेवलं होतं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, भोक मोठं ठेवा."

"सांगितलं होतं खरं."

त्यांचा चेहरा उतरला. मी खिळ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात टोपी तिथे जाऊन बसलीही. पण माणूस वकिलाच्या हाताखालचा. त्याने फोटो जरा तिरपा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला.

"वासूराव, दाराला हा पेंढा कसला बांधलाय?"

मी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि पेरूला हे नवं?"

लपवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याने बत्तीसवर फोटो काढू नये, हे त्या गार्डांनी मला सांगायला हवं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. दोघांनी एकदमच फोटोला हात घातला. कोणी फाडायचा, यावर आमचं एकमत होत आलं होतं, तेवढ्यात वरून बांगड्यांचा एक हात आला आणि फोटो घेऊन गेला.

तारा उभ्याने बघत होती. तिने आधी पेरू पाहिला. मग दार.

"मी सकाळपासून मांजराला शिव्या देतेय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "डोक्यावरून आणलं होतं मी ते. अनवाणी."

साडूने मला कातरून ठेवलेली सुपारी दिली. मी ती घेतली. काहीतरी चावायला हवं होतं.

मग तिची नजर मुनियेच्या पोटात गेली आणि तिथे थांबली. ती भिंतीवरच्या बुलबुलाजवळ गेली. फोटो त्याच्या शेजारी धरला. बुलबुलाच्या पायाशी आलेल्या वेलीच्या तंतूवर तिने बोट ठेवलं.

"भाओजी," ती म्हणाली, "हा वेल कसला हो?"

"तांब्याचा," साडू जमिनीकडे बघत म्हणाले.

आतून सुशीलाअक्काचा आवाज आला, "तारा, काय गं बघताय सगळे? फोटो आला का?"

साडूंनी ताराकडे असं पाहिलं की मलाच कसंतरी झालं. त्यांच्या कपाळावर घाम होता. खानापुरात दारोदार जी बाई बोटावर बसणाऱ्या पाखरांबद्दल सांगत फिरते, ती आतून हात पुसत बाहेर येत होती.

"कुठचा फोटो," तारा मोठ्याने म्हणाली, "हलला, अक्का. ह्यांचा हात स्थिर नाही, तुला ठाऊक आहे."

आणि बहिणीने उंबरा ओलांडायच्या आत तिने बुलबुल खाली उतरवला, चौकटीची पाठ उघडली, माझा फोटो बुलबुलाच्या मागे सरकवला, पाठ बसवली आणि चौकट होती तिथे परत लावली. माझ्या खिळ्यावर. हे सगळं पाच मापांत. हात जराही थरथरला नाही. माझ्या मते आमच्या घराण्यात फोटो तिने काढायला हवेत.

मग ती आत गेली. हळदकुंकू आणून तिने नव्याला लावलं, हात जोडले, आणि मांजराला दूध दिलं. दोघांना, म्हणजे मला आणि साडूंना, त्या रात्रीच्या पानात पोहे आले, पण गूळ आला नाही. आम्ही मागितलाही नाही.

आता आमच्याकडे कुणी पाहुणा येऊन बुलबुलाची फार तारीफ करू लागला, किंवा मीच वखारीतल्या माझ्या हुशारीबद्दल बोलू लागलो, की तारा म्हणते, "चौकट उलटी करू का?" आणि मी पाटावर सरळ होऊन बसतो. साडू असले तर तेही बसतात.

भाऊबीज करून ते निघाले त्या सकाळची एक गोष्ट राहिली. गाडी जुंपली होती. साडू दारात थांबले, माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वासूराव, तुमच्या टोपीला खिळा नाही होय?"

"शिमग्यापासून नाही."

त्यांनी खिशातून ती तांब्याची तार काढली. बुलबुलाच्या पायातली. दोन बोटांत धरून तिचा एक आकडा वळवला, चौकटीच्या खालच्या कडेला अडकवला, आणि माझी टोपी माझ्या हातातून घेऊन त्यावर टांगली. मग उरलेली तार माझ्या हातावर ठेवून गाडीत जाऊन बसले.

टोपी आता बुलबुलाच्या पायाखाली लोंबकळते. हात थोडा खाली न्यावा लागतो, पण सवय होईल. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी आकडा काढून नीट पाहिला. फार सुरेख वळवला आहे, कुठे पीळ नाही, कुठे कोन नाही. मी उरलेल्या तारेचा तसाच एक वळवून पाहिला. तीन वेळा पाहिला.

तिसरा आकडा बघून लखूने कुंपणावरून विचारलं, "अण्णा, ह्ये काय, मुंगी क्येली काय?"